घर पुन्हा विक्रीला काढायचे कधी? भिंतीवरचा फोटो उतरवल्यावर की आपली तयारी झाल्यावर?

गेल्या आठवड्यात ब्रोकरचा फोन आला. "मार्केट उठलंय. घर पुन्हा काढा. फक्त मागच्या वेळी सांगितलं होतं ते तेवढं मनावर घ्या."

मागच्या वेळी काय सांगितले होते, ते आम्ही विसरलेलो नाही. आठ महिन्यांपूर्वी कल्याणमधले आमचे वन बीएचके घर आम्ही विक्रीला काढले होते आणि तीन महिन्यांनी मागे घेतले. ते पुन्हा केव्हा काढायचे, हा आमच्या घरातला प्रश्न आहे. पण चळवळीतल्या मित्रांशी बोललो तेव्हा जवळजवळ प्रत्येकाकडे अशी एक गोष्ट निघाली. कुणाचे पुण्यात, कुणाचे नाशिकमध्ये, कुणाचे नागपूरला. म्हणून हा प्रश्न इथे जाहीरपणे मांडत आहोत.

आधी आमची गरज सांगतो. घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. आईचे दोन्ही गुडघे गेले आहेत. पौर्णिमेला विहारात जाणारी आई आता महिनोन्महिने खाली उतरत नाही. लिफ्ट असलेल्या इमारतीत जायचे तर हे घर विकल्याशिवाय पैसा उभा राहत नाही. आम्ही घर हौस म्हणून किंवा नफ्यासाठी विकत नाही आहोत.

आमच्याच इमारतीत, आमच्याच आकाराचे, आमच्याच मजल्यावरचे घर वर्षभरापूर्वी ४६ लाखांना गेले होते. आम्हीही तेवढेच मागितले. पहिली पार्टी आली, तिला घर आवडले. बाल्कनी, पाणी, स्टेशनचे अंतर सगळे पटले. मग त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांची नजर हॉलच्या भिंतीवर गेली. तिथे तथागत आणि बाबासाहेब आहेत. ते म्हणाले, "तुमचं मूळ गाव कुठलं?" सांगितले. "गावात घर कुठल्या अंगाला?" तेही सांगितले. चहा अर्धा ठेवून मंडळी उठली आणि पुन्हा त्यांचा फोन आला नाही. दुसऱ्या पार्टीच्या बाबतीत थोड्याफार फरकाने हेच झाले. तिसरी पार्टी परत आली, पण ४१ लाख घेऊन. पाच लाख कमी का, असे विचारल्यावर ब्रोकरने मध्यस्थी केली. "साहेब, पुढे त्यांनाही कधीतरी विकायचंय ना. शांतीसुद्धा करून घ्यावी लागेल, रंग काढावा लागेल."

शांती कशाची करायची, हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

त्याचा सल्ला मात्र स्पष्ट होता. फोटो उतरवा, दारावरची पाटी काढा, घर काही महिने बाजारातून मागे घ्या, रंग देऊन नवे घर म्हणून पुन्हा काढा. नंतर आमच्या लक्षात आले की त्याने मोबाइलवर टाकलेल्या जाहिरातीत हॉलचा फोटो नेमका त्या भिंतीपाशी कापला होता. म्हणजे आम्हाला विचारण्याआधीच त्याने भिंत उतरवली होती.

हा ब्रोकर दुष्ट आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तो बाजार ओळखतो. त्याचे गणित सरळ आहे: विकणाऱ्याची जात दिसली नाही तर भाव पूर्ण मिळतो, दिसली तर पाच लाख जातात. आम्हाला राग त्या गणिताचा आहे. आणि त्याहून जास्त याचा, की हे गणित खोटे नाही.

आधी स्वतःची उलटतपासणी

कार्यकर्त्याने एक शिस्त पाळली पाहिजे. आलेल्या प्रत्येक नकाराला जात चिकटवू नये. घर पडून राहण्याची कारणे अनेक असतात. भिंतीला ओल असते, कागद अपुरे असतात, मागितलेली किंमतच जास्त असते. पितृपक्षात गिऱ्हाईक फिरकत नाही. आपण ते मानत नसलो तरी घेणारा मानतो. प्रत्येक अपयश जातीच्या खात्यात टाकले तर खऱ्या जातीय नकाराचा पुरावाही पातळ होतो.

म्हणून आम्ही तपासणी केली. नोंदणी विभागाकडचे इंडेक्स-२ कुणालाही पाहता येतात. आपल्या इमारतीत आणि शेजारच्या इमारतींत गेल्या दोन वर्षांत कुठले घर किती रकमेला नोंदले गेले, हे कळते. ते काढले तेव्हा ४६ लाख हा आकडा हवेतला नाही हे पक्के झाले. ओल आमच्या स्वयंपाकघरात होती. ती दुरुस्त करायला हवी होती आणि तेवढ्यापुरती वीसपंचवीस हजारांची घासाघीस आम्ही मान्य केली असती. लिफ्ट नसल्याची कसर ४६ लाखांत आधीच धरलेली होती, कारण ते घरही तिसऱ्याच मजल्यावरचे होते. हे सगळे वजा केल्यावर जे पावणेपाच लाख उरतात, त्यांना दुसरे नाव सापडले नाही. त्याला आम्ही जातीची सूट म्हणतो. सूट घेणाऱ्याला मिळते, तिचे पैसे आमच्या खिशातून जातात.

"तुमच्या लोकांची घरं वाढली की सोसायटीचा भाव पडतो," असे उघडपणे म्हणणारे आहेत. भाव जातीमुळे पडत नाही, जातीयतेमुळे पडतो. आमच्या राहण्याने सिमेंटची ताकद कमी होत नाही. घेणाऱ्याला त्याच्या पुढच्या घेणाऱ्याची भीती असते आणि त्या पुढच्याला त्याच्या पुढच्याची. प्रत्येक जण म्हणतो, माझ्या मनात काही नाही, लोक मानतात. अशा कुणाच्याच मनात नसलेल्या जातीची किंमत दरवेळी आम्ही रोखीने भरतो.

बडोद्याचे अकरा दिवस

"नाव लपवा, काम होईल" हा सल्ला नवा नाही. १९१७ साली बाबासाहेब परदेशातले शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. शेवटी एका पारशी सरायीत पारशी नाव नोंदवून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याची धमकी देऊन गेला. ना हिंदू मित्राने घरात घेतले, ना ख्रिस्ती मित्राने. बाबासाहेब बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

या प्रसंगातून आम्ही दोन गोष्टी घेतो. एक, अडचणीत सापडलेल्या माणसाने छतासाठी नाव लपवले तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. दोन, लपवलेल्या नावावर मिळालेले छत अकरा दिवसच टिकते. पुढच्या आयुष्यात बाबासाहेबांनी नाव लपवण्याचा मार्ग समाजाला दिला नाही. त्यांनी ओळखच बदलून टाकली, आणि तीही दीक्षाभूमीवर लाखोंच्या साक्षीने, उघडपणे.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा एक अनुभव इथे उपयोगी पडतो. कॅलिफोर्नियातल्या मरीन सिटी इथल्या एका कृष्णवर्णीय जोडप्याच्या घराचे २०२० साली मूल्यांकन झाले ते ९ लाख ९५ हजार डॉलर. त्यांना संशय आला. त्यांनी दुसरे मूल्यांकन मागवले, घरातले कुटुंबाचे फोटो उतरवले आणि एका गोऱ्या मैत्रिणीला घरमालकीण म्हणून उभे केले. काही आठवड्यांतच त्याच घराची किंमत १४ लाख ८० हजारांच्या वर गेली. फोटो त्यांनीही उतरवले, पण पुरावा गोळा करण्यासाठी. पुरावा हाती आल्यावर ते गप्प बसले नाहीत. त्यांनी दावा लावला आणि २०२३ मध्ये तडजोड झाली. फोटो उतरवणे ही चाचणी असेल तर ती लढाई आहे, सवय झाली तर शरणागती आहे. हा फरक तरुण मित्रांनी ध्यानात ठेवावा.

आपल्याकडेही चाचण्या झाल्या आहेत. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांबद्दल केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नाव उच्चजातीचे असेल तर दार उघडते. दलित किंवा मुस्लिम असेल तर अनेक दारे बंद होतात आणि जी उघडतात तिथेही जास्त भाडे किंवा जाचक अटी पुढे येतात, हे त्यातून दिसले. तो अभ्यास भाडेकरूंचा होता. विकणाऱ्याची जातही किंमत ठरवते, हे अजून आपण मोजायचे आहे.

कायद्याकडून किती अपेक्षा ठेवावी? सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सदस्यत्व एका समाजापुरते ठेवण्याचा उपविधी वैध ठरवला. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते, पण घर नाकारणारा खासगी ग्राहक कारण सांगत नाही आणि त्याला सांगायला लावताही येत नाही. मात्र सोसायटीच्या समितीतला कुणी ग्राहकांना अडवू लागला, बहिष्काराची धमकी देऊ लागला, तर गोष्ट वेगळी आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर अॅट्रॉसिटी कायद्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा आहे. हा फरक माहीत असला की आपण चुकीच्या दारावर धडका मारत नाही.

थांबायचे किती, याचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अभिमान म्हणून वाट्टेल तितके थांबा, असे आम्ही कुणाला सांगणार नाही. थांबण्याला पैसे लागतात आणि ते सगळ्यांकडे सारखे नसतात. म्हणून भावनेआधी हिशेब करा.

जातीची सूट किती मागितली जाते, ती रक्कम घ्या. घर न विकल्यामुळे दरमहा तुमच्या खिशातून किती जाते, तो आकडा काढा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर म्हणजे तुम्ही किती महिने थांबलात तरी नुकसान होणार नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने नवे घर आधीच घेतले आहे. जुन्या घराचा २८ हजारांचा हप्ता चालू आहे. त्यांच्याकडून पाच लाखांची सूट मागितली गेली. म्हणजे ते साधारण १८ महिने थांबू शकतात, त्यानंतर थांबणे तोट्याचे. आमच्यावर कर्ज नाही आणि आम्ही राहतो त्याच घरात, त्यामुळे मेंटेनन्स काय ते एवढेच. वहीत पाहिले तर आम्ही वर्षानुवर्षे थांबू शकतो.

पण वहीत आईचे गुडघे येत नाहीत. आमच्या थांबण्याची किंमत ती भरते, दररोज, तिसऱ्या मजल्यावर बसून. तत्त्व आमचे आणि जिना तिचा, हे न्यायाचे नाही. म्हणून आम्ही तिलाच विचारले, फोटो उतरवून महिनाभरात मोकळे व्हायचे का? ती म्हणाली, "उतरवून विकलं तर नव्या घरात तो कुठल्या तोंडानं लावायचा? पण तुम्ही उगाच ताणू नका. तारीख ठरवा."

तारीख ठरवा, हेच खरे. ब्रोकर म्हणतो म्हणून काढायचे नाही आणि राग आला म्हणून अडवूनही धरायचे नाही.

आम्ही ठरवले आहे ते असे. घर १ मार्चला पुन्हा विक्रीला निघेल. मुलांची शाळा बदलणारी कुटुंबे मार्च ते मे या काळात घर शोधतात, जूनच्या आत ताबा हवा असतो. रेडीरेकनरचे दर बदलले तर ते सहसा १ एप्रिलपासून बदलतात, त्यामुळे मार्चमध्ये नोंदणीची घाईही असते. कुणाला पाडव्याच्या मुहूर्तावर टोकन द्यायचे असेल तर खुशाल द्यावे. मुहूर्त त्यांचा, तारीख आमची.

त्याआधी ओल दुरुस्त होईल. मूळ करारनामा, इंडेक्स-२, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मेंटेनन्स आणि मालमत्ता कराच्या पावत्या, सगळे एका फाइलमध्ये तयार असेल. कागद अर्धवट असले की भाव पाडायला निमित्त मिळते आणि जात त्या निमित्ताच्या आड लपते. निमित्तच उरू द्यायचे नाही. "सोसायटी ना-हरकत देणार नाही" ही भीती घालणाऱ्यांना सांगायचे की आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणासाठी सोसायटीच्या ना-हरकत प्रमाणपत्राची सक्ती नाही. कर्ज देणारी बँक ते मागते, हे खरे, म्हणून अर्ज लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण शुल्काची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे, त्याहून जास्त "देणगी" द्यायची नाही. विक्रीतून नफा होत असेल तर आयकर कायद्यातल्या सवलतीसाठी नवे घर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षे नंतर खरेदी झालेले लागते, हेही तारखेच्या हिशेबात धरायचे.

किमान किंमत ४५ लाख ७५ हजार. मुदत ३१ मे. तोवर झाले नाही तर हे घर भाड्याने देऊ आणि आईसाठी तळमजल्यावर भाड्याचे घर पाहू. विक्री पुढच्या मोसमात. आणि भिंत जशी आहे तशीच. उलट जाहिरातीतला हॉलचा फोटो यावेळी आम्ही काढणार आहोत, पूर्ण भिंतीसकट. ज्याला अडचण आहे तो घरबसल्या गळेल, आईला त्याच्यासाठी चहा करावा लागणार नाही.

विकणे म्हणजे गद्दारी नव्हे

चळवळीतले काही मित्र दुसऱ्या टोकाला जातात. म्हणतात, "मोक्याच्या जागेवरचं घर विकूच नका. आपला एक पाय तिथून निघाला तर पुन्हा पडणार नाही." भावना समजते. पण बाबासाहेबांनी स्वतः घर विकले आहे. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले आणि भाड्याने देण्यासाठी चार मिनार ही दुसरी इमारत. १९४१ साली कर्ज फेडायला आणि पुस्तके घ्यायला त्यांनी चार मिनार विकली. राजगृह ठेवले. काय विकायचे, काय ठेवायचे आणि कशासाठी, हे त्यांनी ठरवले. आपल्याला नेमके हेच हवे आहे. घर धरून ठेवण्याइतकाच ते आपल्या अटींवर विकण्याचा हक्कही महत्त्वाचा आहे.

आणि आपल्यातल्या काहींना एक कडू प्रश्न विचारायला हवा. फ्लॅट घेतला की दारावर फक्त नावाची आद्याक्षरे, हॉलमध्ये निसर्गचित्र, फोटो आतल्या खोलीत. पुढे भाडेकरू ठेवताना "चांगल्या घरातले पाहिजेत" असे ब्रोकरला सांगणारेही आपल्यात आहेत. बाजाराची भाषा आपणच बोलू लागलो तर ब्रोकरला दोष कुठल्या तोंडाने द्यायचा? ज्याच्या घरी दवाखान्याचे बिल थकले आहे, ज्याला पंधरा दिवसांत पैसे उभे करायचे आहेत, त्याने फोटो उतरवला तर त्याच्याकडे बोट दाखवू नका. त्याला एकटे पाडले ते आपण. ज्याला थांबणे परवडते, त्याने मात्र थांबायलाच हवे. त्याच्या थांबण्यानेच पुढच्याचा भाव टिकतो, कारण आज त्याने दिलेली सूट उद्या इंडेक्स-२ मध्ये दर म्हणून नोंदली जाते.

एकट्याने थांबता येत नाही

म्हणून काही कामे चळवळीने हाती घ्यावीत. प्रत्येक शहरात विकणाऱ्या आणि घेणाऱ्या आपल्या कुटुंबांची यादी करा. आपल्यातही आता घर शोधणारे शिक्षक, परिचारिका, अभियंते, बँक कर्मचारी आहेत, पण ते आपल्याला ब्रोकरमार्फतच भेटतात. नकारांची वही ठेवा: तारीख, इमारत, मागितलेली किंमत, देऊ केलेली किंमत, नेमके शब्द. दोनशे नोंदी झाल्या की तो पुरावा होतो. आपल्या पतसंस्थांनी अडलेल्या विक्रेत्यासाठी सहा महिन्यांच्या मुदतीची तारण कर्जे देण्याचा विचार करावा, म्हणजे घाईपोटी कुणाला पाच लाख सोडावे लागणार नाहीत. आणि दर शहरात एखाद्या वकील मित्राने आठवड्यातला एक तास कागद तपासण्यासाठी द्यावा. जयंतीच्या मिरवणुकीला जितका पैसा आणि जितकी माणसे आपण उभी करतो, त्याच्या छोट्याशा हिश्श्यात हे होते.

घर पुन्हा विक्रीला कधी काढायचे? आपले कागद पुरे झाले, किंमत तपासली, थांबण्याची मुदत ठरली आणि पाठीशी चार माणसे उभी राहिली की त्या दिवशी. भिंत रिकामी करून मिळालेल्या ४६ लाखांपेक्षा भरल्या भिंतीसह मिळालेले पावणे शेहेचाळीस आम्हाला जास्त वाटतात. ते पंचवीस हजार आम्ही ओलीसाठी सोडले आहेत, जातीसाठी नाही.

काल ब्रोकरला उलट फोन करून हे सगळे सांगितले. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "बघतो. एक पार्टी आहे तुमच्यातली, त्यांनाही बरेच दिवस घर मिळत नाहीये."

आम्ही म्हणालो, घेऊन या. १ मार्चनंतर, कुठल्याही रविवारी.

जय भीम.